सुंदराबाईंचा अंगठा

वाचून हसलात तरी चालेल. पण खोटं म्हणू नका.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, इरावतीची. ती भांडुपला राहते. भुताखेताचा विषय निघाला की "चल रे, काहीपण!" म्हणून उठून जाणारी बाई. तिने हे मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. सांगून झाल्यावर तिला उलटी झाली.

नावं मी बदलली आहेत. वार, वेळ आणि जागा मात्र जशीच्या तशी आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी २०२४. साकीनाका. दुपारी पावणेतीन ते साडेतीन.

हो, दुपारी. बाहेर रणरणतं ऊन होतं, खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते आणि बाजूच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन धडधडत होतं.

इरावतीचं काम जरा वेगळं आहे. हल्ली करार कागदावर कमी आणि मोबाइल-टॅबवर जास्त होतात. आधार नंबर टाकायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, झाली सही. पुढे भांडण कोर्टात गेलं की प्रश्न येतो... ही सही खरी की खोटी? ते तपासून द्यायचं काम इरावतीचं. तिचे साहेब मधुकर खाडिलकर, पूर्वी हस्ताक्षर तपासायचे, आता संगणकावरच्या सह्या तपासतात. ऑफिसात दोघंच. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा शेवटचा गाळा.

त्या सोमवारी जानकी नावाची एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आली. चाळिशीची, मुलुंडला सासर.

"माझी आई सुंदराबाई घाडी. जोगेश्वरीला चाळीत एकटी राहायची," ती म्हणाली. "चाळ पाडून टॉवर होणार आहे. नवी जागा तिच्या नावावर मिळणार होती. आता माझा चुलतभाऊ अंबादास म्हणतो, काकीने करार करून ती जागा मला दिली. त्याबदल्यात मी तिला शेवटपर्यंत सांभाळणार होतो."

"आणि आई?"

"गेली. करार झाला त्याच संध्याकाळी." ती नुसती पेनड्राइव्हकडे बघत होती. "पोटमाळ्याच्या शिडीवरून पडली म्हणे. मी पोचले तोवर चितेवर ठेवली होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. मी सोडायला गेले तर अंबादास म्हणाला, नको बघू, चेंगरलाय."

"शिडीवरून पडून हात चेंगरला?"

"तेच विचारतेय ना मी, ताई! सगळ्यांना तेच विचारतेय."

इरावतीने फाइल ठेवून घेतली. फाइल अंबादासच्या वकिलानेच कोर्टात दिलेली होती. अंबादासचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. टॅब आणि अंगठ्याचं मशीन त्याच्याकडे होतंच.

मंगळवारी तिने फाइल उघडली.

सही ९ जानेवारीची, दुपारी चार वाजून बारा मिनिटांची. अंगठा सुंदराबाईंचाच, आधारशी जुळलेला. सहीनंतर करारात एका अक्षराचाही बदल नाही. हे कळायला एक साधी गोष्ट असते. प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा निघतो. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी तो आकडा बदलतो. इथला आकडा तंतोतंत तोच होता.

सोबत एक व्हिडिओ होता. चौदा सेकंदांचा.

हिरव्या लुगड्यातली म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "मी सुंदराबाई घाडी. माका ह्या मान्य आसा." संपलं.

इरावतीने वहीत लिहिलं, सही खरी. तिला वाईट वाटलं. पण तिचं काम वाईट वाटून घेण्याचं नव्हतं.

बुधवारी जेवण झाल्यावर अहवाल लिहिताना तिने व्हिडिओ पुन्हा लावला.

"माका ह्या मान्य आसा."

आणि व्हिडिओ थांबला नाही...

म्हातारीने मान वळवली. कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं होतं, त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "कसलो कागद रे ह्यो? पेन्शनीचो म्हणालंस ना? मगे हेच्यात जागेचा काय लिवलंहा? आणि माज्या जानकीचा नाव खंय आसा?"

तेवीस सेकंद.

इरावतीने चष्मा काढून पुसला. फाइलचा आकडा पुन्हा काढला.

तोच. एक अंकही बदललेला नाही.

"सर, जरा इकडे या ना," तिने हाक मारली.

खाडिलकर साहेब आले. तिने व्हिडिओ लावला. चौदा सेकंदांनी थांबला.

"काय बघायचंय?" साहेबांनी विचारलं.

"किती सेकंदांचा दिसतोय हा तुम्हाला?"

"चौदाच सेकंद आहेत. इरावती, जेवलीस ना नीट?"

साहेब आपल्या टेबलाकडे वळले, आणि त्याच वेळी...

टुंक.

तिच्या टेबलावर अंगठ्याचं एक मशीन असतं, तपासणीसाठी ठेवलेलं. कुणी अंगठा ठेवला की त्याच्या काचेखाली लाल दिवा लागतो.

दिवा लागला होता.

काचेवर कुणाचाही अंगठा नव्हता.

ती वाकून बघायला गेली, तर काच ओली. मध्ये एक ठसा. रेघा मोडलेल्या, मधोमध उभी चीर. वास आला, गंजक्या लोखंडासारखा. तिने टिश्यूने पुसलं.

टिश्यू लाल झाला.

तिने तो खाली टाकला. साहेबांना काही बोलली नाही. एकदा वेडं ठरल्यावर दुसऱ्यांदा कोण ठरवून घेणार?

घरी रात्री तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. फक्त मुलीच्या हाताची बोटं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

गुरुवारी साहेब कोर्टात गेले होते. ऑफिसात ती एकटी. पावणेतीन वाजता तिने व्हिडिओ लावला. आपणहून. ती म्हणते, "न लावता आलंच नसतं. कुणीतरी खांद्याला धरून बसवल्यासारखं झालं होतं."

एक मिनिट चाळीस सेकंद.

म्हातारी म्हणत होती, "मी नाय देवचंय अंगठो. जागा जानकीची आसा."

पडद्याच्या कडेने एक पुरुषी हात आत आला. मनगटात स्टीलचं कडं. त्याने म्हातारीचा उजवा हात धरला. तिने मूठ आवळली. अंगठा आत, चार बोटं वरून घट्ट, लहान मूल रुपया लपवतं तशी.

"उघड, काकी."

"नाय."

हात बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यात वरवंटा होता.

पहिला घाव मुठीवर.

इरावतीला तो ऐकू आला. आवाज स्पीकरमधून नव्हता आला... टेबलाखालून आला होता. तिच्या पायांना हादरा जाणवला.

दुसरा. तिसरा. म्हातारी ओरडली नाही. दात आवळून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. चौथ्या घावाला बोटं सुटली. पाचव्याला तिने डाव्या हाताने त्याचं तोंड ओरबाडलं. मग वरवंटा वर गेला तो खाली मुठीवर आला नाही. कपाळावर आला. दोनदा.

लुगड्याचा हिरवा रंग दिसेनासा झाला.

मग त्या हाताने म्हातारीचा मोडलेला अंगठा उचलला, तिच्याच पदराला पुसला आणि मशीनवर दाबला.

टुंक.

सही झाली. चार वाजून बारा मिनिटं.

म्हातारी अजून बघत होती. कॅमेऱ्याकडे नव्हे. थेट... इरावतीकडे.

इरावतीने मान फिरवली.

आणि दार वाजलं.

"येऊ का आत, मॅडम?"

पस्तिशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, गोड चेहरा. डाव्या गालावर तीन समांतर रेघा, बऱ्या होत आलेल्या.

मनगटात स्टीलचं कडं.

"मी अंबादास घाडी. वकील म्हणाला, आमच्या काकीची फाइल तुमच्याकडे आहे. म्हटलं काही मदत लागली तर..."

तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. काकी किती चांगली होती, त्याला लहानपणी घावन कशी करून घालायची, हे सांगू लागला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. इरावती सांगते, ते डोळे खरे होते. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

"मग काय निघालं तपासणीत?" त्याने रुमालाने डोळे टिपले.

"सही खरी आहे."

"हां! मी बोललोच होतो वकिलाला. जानकीला उगाच..."

"मूठ कशी उघडली तुम्ही?"

तिला ते बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

अंबादासचा रुमाल गालावरच थांबला.

"काय?"

"अंगठा आत धरला होता त्यांनी. चार घाव लागले ना?"

तो सावकाश उठला. दाराजवळ गेला, दार पुढे लोटलं, पण लॅच लागलं नाही. परत आला. आणि काही कळायच्या आत त्याने इरावतीचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं.

"कोणी सांगितलं तुला? कोण होतं तिथे? बोल!"

दुसऱ्यांदा आपटलं. तिच्या ओठाला दात लागले, तोंडात रक्त आलं. त्याचा हात तिच्या गळ्याभोवती आवळला गेला. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन चालू होतं. ती ओरडली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. आणि ओरडायला गळा मोकळा नव्हता.

डोळ्यांपुढे काळं यायला लागलं...

टुंक.

लाल दिवा लागला.

अंबादासची पकड सुटली. त्याने सोडली नव्हती. त्याचा उजवा हात कुणीतरी उचलला होता. हवेत, मनगटापासून. तो स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखा बघत होता.

"ए... ए, काय हे?"

हात मशीनकडे ओढला गेला. त्याने दुसऱ्या हाताने टेबल धरलं. टेबल घसरलं. त्याने मूठ आवळली... अंगठा आत, चार बोटं वरून.

मग खोलीत एक आवाज आला. दमलेला, म्हातारा, अगदी शांत.

"दी अंगठो."

आणि पहिला घाव बसला.

वर काही नव्हतं. वरवंटा नाही, हात नाही. नुसती त्याची मूठ टेबलावर पडलेली आणि ती एकदम चपटी झाली. हाडं मोडल्याचा आवाज इरावतीला अजून झोपेत येतो. सुकी काटकी मोडावी तसा नाही, ती सांगते. ओला आवाज होता.

अंबादास किंचाळला.

दुसरा. तिसरा. रक्ताचे थेंब तिच्या की-बोर्डवर उडाले. चौथ्याला बोटं सुटली आणि अंगठा काचेवर टेकला. काच तडकली, तरी दिवा विझला नाही.

मग सगळं थांबलं.

शेजारचं मशीनही नेमकं थांबलं होतं. कापलेला पत्रा काढत असतील. एवढी शांतता झाली, की खालच्या रिक्षावाल्यांचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं.

अंबादास गुडघ्यांवर आला होता. हात टेबलाला चिकटलेला, निघत नव्हता. त्याने इरावतीकडे बघितलं. चेहरा पांढराफटक.

"ताई... ताई, कोणाला तरी बोलवा. मी कबूल करतो. पोलिसांना सांगतो. मी मारलं. ती अंगठाच देत नव्हती हो... ताई, काकीला सांगा ना!"

इरावती भिंतीला धरून उभी राहिली. दार चार पावलांवर होतं, अर्धवट उघडं. बाहेर पॅसेज, बाजूच्याच गाळ्यात माणसं. हाक मारली असती तर कुणी तरी धावत आलं असतं.

तिला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी थांबलंय. तिची वाट बघत. ती काय करते ते बघत.

ती दारापर्यंत गेली.

बाहेर पडली.

आणि तिने दार ओढून घेतलं. लॅच लागल्याचा खटका ऐकून मगच हात सोडला.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. बाजूचं मशीन पुन्हा सुरू झालं. पाठीला दाराच्या लाकडातून एकेक हादरा लागत होता. तिने सातपर्यंतच मोजले. सातवर ते थांबले नाहीत, एवढंच तिला माहीत आहे.

पॅसेजमध्ये कॅमेरा आहे. त्यात दिसतं, तीन वाजून वीस मिनिटांनी ती बाहेर आली, गळ्यावर वळ, ओठ फुटलेला. तीन एकतीसला ती खाली बसली. या अकरा मिनिटांत त्या दारातून कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. खिडकीला जाळी आहे, गंजून पक्की झालेली.

लोकांनी दार उघडलं तेव्हा अंबादास टेबलापाशीच होता. मी बाकीचं लिहीत नाही. इरावतीला ओळख पटवायला चेहऱ्याकडे बघायला सांगितलं नाही, कडं दाखवलं.

पोलिसांना हत्यार सापडलं नाही. एवढा मार एका बाईच्या हाताने बसणं शक्य नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. शिवाय कॅमेरा होताच. तिला चार वेळा बोलावलं, नंतर बोलावणं बंद झालं. ती म्हणाली, त्याने गळा धरला, मी सुटून बाहेर आले, दाराशीच उभी राहिले. यात एकही शब्द खोटा नाही.

व्हिडिओ पोलिसांनी बघितला, साहेबांनी बघितला, तिनेही त्यांच्यासोबत बघितला. चौदा सेकंद. "माका ह्या मान्य आसा." पुढे काळा पडदा.

अहवाल तिने पूर्ण करून दिला. सही खरी, फाइलमध्ये बदल नाही. दुसरं काय लिहिणार? पण करार पुढे रेटायला अंबादासमागे कुणी नव्हतं. जागा जानकीच्या नावावर झाली.

मे महिन्यात जानकी भांडुपला इरावतीच्या घरी आली. पेढे वगैरे काही आणले नव्हते. चहा घेतला.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?" जानकी म्हणाली.

"विचार ना."

"त्याला त्रास झाला?"

"हो."

"बराच वेळ?"

"अकरा मिनिटं."

जानकीने मान हलवली. उरलेला चहा संपवला, उठून स्वतःचा कप स्वतः विसळला, जाळीत पालथा घातला आणि गेली. पुन्हा आली नाही.

इरावतीने ती नोकरी सोडली. आता मुलुंडला एका शाळेच्या ऑफिसात आहे. तब्येत बरी आहे. हसते, बोलते, गणपतीला आमच्याकडे येते.

मी हे सगळं ऐकलं त्या दिवशी एकच गोष्ट मला कळत नव्हती. जीव वाचवून बाहेर पडली, ठीक. हाक मारायला गळ्यातून आवाज निघाला नसेल, तेही ठीक.

"पण इरा, दार का ओढलंस तू?" मी विचारलं. "तो तुझ्यामागे येऊ नये म्हणून ना?"

ती बेसिनपाशी तोंड धूत होती. नळ बंद केला. आरशातून माझ्याकडे बघितलं. आमची इरावतीच होती ती, पण मला नजर खाली घ्यावी लागली.

"नाही रे," ती म्हणाली. "उघडं राहिलं असतं तर कुणी ऐकून आलं असतं."

मग टॉवेलला तोंड पुसून तिने विचारलं, जेवून जातोस ना?

मी जेवलो नाही. काहीतरी काम सांगून निघालो. त्यानंतर तिच्या घरी एकटा गेलेलो नाही.